मुंबईचा १७६४चा नकाशा घेऊ का, आणि आजोबांच्या ॲटलासची पानं सुटी करू का?

तुमचा प्रश्न लांब होता म्हणून आधी मला काय कळलं ते सांगतो. इन्स्टावरच्या एका विक्रेत्याकडे बेलँ नावाच्या फ्रेंच माणसाचा मुंबईचा नकाशा आहे, 'प्लान द बाँबे', १७६४, रंगीत, सोनेरी फ्रेममध्ये बसवलेला, सोबत 'ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट', भाव २८ हजार, आणि "अजून दोघं विचारतायत, आज कळवा" हे नेहमीचं प्रेशर. दुसरीकडे घरी आजोबांच्या कपाटात इंपीरियल गॅझेटियरचा (ब्रिटिश सरकारने काढलेल्या हिंदुस्थानच्या माहितीच्या ग्रंथमालेचा) १९०९चा ॲटलासचा खंड आहे, आणि मित्र म्हणतो त्यातली पानं सुटी करून फ्रेम करून विकलीस तर मुंबईच्या नकाशाचे पैसे त्यातूनच सुटतील. तर नकाशा ओरिजिनल आहे का, इन्व्हेस्टमेंट म्हणून कसा, आणि पानं काढू का, असे तीन प्रश्न.

तिसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो, ब्लेड लावू नका, कारण खाली लिहितो. आणि एक आधीच सांगून टाकतो, मी बरीच वर्षं नकाशे गोळा करतोय आणि डबल झालेले विकतोही, त्यामुळे विकणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते थोडं ठाऊक आहे. तुमचा विक्रेता कोण ते मला माहीत नाही आणि तो प्रामाणिक असू शकतो, हे गृहीत धरूनच लिहितोय.

"ओरिजिनल आहे का" हा प्रश्न सगळे विचारतात पण या भावाच्या नकाशाला कोणी बसून नकली प्लेट, म्हणजे छापायचा तांब्याचा पत्रा, कोरत नाही, परवडतच नाही. जे होतं ते साधं असतं. कुठल्या तरी जुन्या फॅक्सिमिलीचं (मूळ बघून हुबेहूब छापलेल्या नकलेचं) पान 'व्हिंटेज' म्हणून येतं, किंवा नकाशा खराच जुना असतो पण रंग गेल्या वर्षी भरलेला असतो आणि रंगीत म्हणून दीडपट पैसे घेतले जातात, किंवा खालचा अर्धा भाग मागून चिकटवून दुरुस्त केलेला असतो आणि फ्रेममुळे दिसत नाही. म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे की हा नेमका कुठला कागद आहे, तो प्रेसमधून कधी बाहेर पडला, आणि त्यानंतर त्याचं कोणी काय केलं. नकाशावर छापलेलं साल यातल्या कशाचंच पूर्ण उत्तर देत नाही.

आधी बेलँविषयी. झाक-निकोला बेलँ हा फ्रेंच नौदलाच्या नकाशा-कचेरीतला माणूस, पॅरिसमध्ये बसून जहाजांवरून आलेल्या नोंदी आणि इतरांचे चार्ट जुळवून नकाशे करायचा. १७६४मध्ये त्याचा 'प्ती ॲटलास मारितीम' पाच खंडांत निघाला, त्यात जगभरातली बंदरं, बेटं, किल्ले यांचे शेकडो छोटे नकाशे आहेत आणि तिसरा खंड आशिया-आफ्रिकेचा आहे, मुंबईचा प्लान त्यातलाच. त्याआधी प्रेव्हो या फ्रेंच लेखकाच्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहासाठीही त्याने असेच छोटे नकाशे केले होते, आणि त्या पुस्तकाच्या डच, जर्मन आवृत्त्याही निघाल्या, म्हणून बेलँ म्हटलं की एकाच जागेचे दोन-तीन भाऊबंद नकाशे सापडतात. सांगायचा मुद्दा हा की या ॲटलासच्या बऱ्याच प्रती निघाल्या, त्यातल्या कित्येक फोडल्या गेल्या, म्हणजे पानं सुटी करून विकली गेली, आणि बेलँचे सुटे नकाशे बाजारात सतत येत असतात. "रेअर" हा शब्द दिसला तर तो सोडून पुढचं वाक्य वाचा. आज नाही घेतला तर पुन्हा मिळणारच नाही असा हा नकाशा नाही.

आता तपासायचं कसं. पहिली अट, नकाशा फ्रेममधून बाहेर काढायला सांगा. फ्रेममधला नकाशा म्हणजे पॅकबंद माल. विक्रेता कां-कूं करायला लागला तर त्याला म्हणा मी येतो, माझ्यासमोर मागच्या खिळ्या काढा. तरी नाही म्हणाला तर मी तिथेच थांबतो, अजून तरी मला याचा पश्चात्ताप झालेला नाही.

बाहेर काढला की खिडकीच्या काचेवर हलक्या हाताने धरा, उजेड मागून येऊ दे. १७६४च्या कागदात तुम्हाला बारीक बारीक रेघांची जाळी दिसेल, एका दिशेने अगदी जवळजवळ, आणि त्यांना काटकोनात साधारण दोन-अडीच सेंटिमीटर अंतराने जाड रेघा. हा हाताने तारांच्या चाळणीवर काढलेल्या कागदाचा ठसा आहे. गुळगुळीत, जाळी नसलेला हातकागद इंग्लंडमध्ये १७५७च्या सुमाराला आला आणि सगळीकडे पसरायला वेळ लागला, म्हणून १७६४च्या फ्रेंच नकाशाचा कागद जाळीशिवाय निघाला तर माझे कान टवकारतात. कधीकधी वॉटरमार्कचा तुकडाही सापडतो, पण छोट्या नकाशात मोठ्या तावाचा चौथाई भाग आलेला असतो, म्हणून वॉटरमार्क नाही याचा अर्थ काहीच नाही. उलट एक गंमत, इंग्लिश कागदात १७९४नंतर वॉटरमार्कमध्येच साल घालायची पद्धत पडली. त्यामुळे नकाशावर १७८० छापलेलं आणि कागदात १८०१ दिसतंय असं होऊ शकतं, आणि तेव्हा कागदाचं म्हणणं खरं मानायचं.

मग भिंग. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसं दहापट मोठं दाखवणारं लूप ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, या नादात पडायचं असेल तर नकाशाआधी ते घ्या. किनाऱ्याची रेघ बघा. तांब्याच्या प्लेटवर हत्याराने कोरलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी टोकदार होत गेलेली असते, कडा स्वच्छ, आणि शाई कागदावर किंचित उंच बसलेली असते, बोटाने नाही पण तिरप्या उजेडात कळते. त्याऐवजी निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रावरची रंगीत छपाई, विषय संपला. ठिपके अगदी फवाऱ्यासारखे विस्कटलेले असले तर इंकजेट, तोही संपला. काळ्याच शाईचे पण जाळीत मांडलेले ठिपके असतील तर फोटोवरून केलेली छपाई, १८८०च्या आधीची सहसा नाही.

प्लेटचा दाब हे तिसरं. ओला केलेला कागद तांब्याच्या प्लेटवर ठेवून रुळाखालून काढायचे, त्यामुळे प्लेटच्या कडेचा चौकोनी खड्डा कागदावर उमटतो, मागून बोट फिरवलं की लागतो. हा खोटाही उठवता येतो म्हणून एकट्या त्याच्यावर जाऊ नका, आणि कडा फार छाटल्या असतील तर खऱ्या नकाशावरही तो उरत नाही.

चौथी गोष्ट लोक करतच नाहीत आणि ती सगळ्यात सोपी आहे, मापपट्टी लावा. नकाशाभोवती छापलेल्या आतल्या चौकटीची लांबी-रुंदी मोजा आणि डेव्हिड रम्सी कलेक्शन ही जुन्या नकाशांची साइट किंवा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'गालिका' साइट, जिथे तोच नकाशा मिळेल तिथली मापं बघा. दोन्हीकडे बेलँचं भरपूर आहे, फुकट आहे, स्कॅनही मोठे आहेत. ओला कागद वाळताना आकसतो म्हणून एकाच प्लेटच्या दोन प्रतींत काही मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढा चालतो. सेंटिमीटरचा फरक पडला तर फोटो काढून लहान-मोठं केलेलं पान आहे. त्याच स्कॅनशी नावं, कोपऱ्यातला 'तोम ३' (म्हणजे खंड ३) आणि त्याचा नंबर, स्केलची पट्टी, सगळं पडताळून घ्या.

साल का वाचायचं नाही त्याचं एक मासलेवाईक उदाहरण देतो. जॉन स्पीड या इंग्लिश नकाशाकाराच्या नावाचा 'अ न्यू मॅप ऑफ ईस्ट इंडिया' बाजारात नेहमी दिसतो, मुघल हिंदुस्थान आणि पलीकडचा भाग, सुंदर नकाशा आहे. स्पीड १६२९मध्ये वारला आणि हा नकाशा आला १६७६मध्ये, बॅसेट आणि चिसवेल या लंडनच्या प्रकाशकांनी त्याच्या ॲटलासमध्ये नवे नकाशे घातले तेव्हा, म्हणजे ब्रँड स्पीडचा आणि माल त्यांचा. याच्या उलट अँटवर्पच्या ऑर्टेलियस या नकाशाकाराचं बघा. त्याचा 'थिएट्रम' १५७०मध्ये अँटवर्पला निघाला, ज्याला आपण आज ॲटलास म्हणतो तसं पहिलं पुस्तक तेच, आणि ते १६१२पर्यंत निरनिराळ्या भाषांत निघत राहिलं. प्लेट तीच, मागच्या बाजूचा मजकूर बदललेला, कधी लॅटिन, कधी डच, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. त्यामुळे ऑर्टेलियसच्या आशियाच्या नकाशाची आवृत्ती ओळखायची तर पुढून बघून भागत नाही, मागचा मजकूर, त्याची शेवटची ओळ, पानाचा नंबर हे जुळवावं लागतं. म्हणून मी विक्रेत्याकडे पहिला फोटो मागच्या बाजूचा मागतो, पुढची बाजू तर इंटरनेटवर कोणाचीही मिळते.

आणि तांबं मऊ असतं. हजारो प्रती काढल्या की बारीक रेघा झिजतात, समुद्राचे ठिपके पुसट होतात, मग कारागीर पुन्हा कोरून जाड करतो. त्यामुळे एकाच प्लेटची सुरुवातीची प्रत आणि शेवटची प्रत शेजारी ठेवली तर नवख्यालाही फरक कळतो. १८२०नंतर पोलादी प्लेटा आल्या आणि हा प्रश्न कमी झाला, १८५१च्या आसपासच्या, लंडनच्या टॅलिस या प्रकाशकाच्या नकाशांतल्या केसासारख्या रेघा त्यामुळेच इतक्या स्वच्छ आहेत.

आता रंग, कारण तुमच्या २८ हजारांतला मोठा वाटा तिथे आहे असं मला वाटतं. बेलँचे हे छोटे नकाशे बहुतेक काळे-पांढरेच विकले गेले. जुन्या रंगाच्या प्रती आहेत, पण सुट्या रंगीत बेलँचा रंग बहुतेक वेळा मागाहून, डीलरने किंवा त्याच्या रंगाऱ्याने भरलेला असतो. यात फसवणूक असेलच असं नाही, युरोपात हा उघड धंदा आहे आणि चांगला डीलर बिलात 'नंतरचा रंग' असं लिहूनच देतो. भिंतीवर लावायला तो छानही दिसतो. फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. सतराव्या शतकातल्या ब्लाऊ या डच प्रकाशकांचे नकाशे मात्र वेगळे, ते त्या काळातच रंगवून घेतले जायचे आणि जुना रंग असेल तर किंमत खरोखर वाढते. जुना रंग ओळखायची माझी आवडती खूण हिरवी आहे. त्या काळचा हिरवा रंग तांब्यापासून करायचे, तो वर्षानुवर्षं कागद खात जातो आणि पान उलटं केलं की त्या रेषेखाली मागून तपकिरी डाग उमटलेला दिसतो, कधीकधी कागद तिथे इतका ठिसूळ होतो की चिरतो. समोर टवटवीत हिरवा आणि मागे पांढराशुभ्र कागद असेल तर रंग बहुतेक नवा आहे.

कंडिशनमध्ये काय चालतं आणि काय नाही हे मात्र माणसामाणसावर आहे. मला मधली घडी चालते, ॲटलासमध्ये बांधलेल्या नकाशाला ती असणारच, कडेला कसर लागलेली दोन-चार भोकं चालतात, फिकट डाग चालतात. छपाईच्या आत शिरलेली फाट, चौकटीपर्यंत छाटलेला कागद, आणि मागे पूर्ण पुठ्ठ्यावर चिकटवलेला नकाशा हे मी सोडून देतो. शेवटचं आपल्याकडे फार दिसतं. एका ओळखीच्यांनी लंडनहून आणलेला नकाशा इथल्याच एका फ्रेमवाल्याकडे दिला होता, काही पावसाळ्यांनी डाग दिसायला लागले म्हणून माझ्याकडे आणला. उघडला तर मागे हार्डबोर्ड, नकाशा त्यावर फेविकॉलने पूर्ण बसवलेला, आणि हार्डबोर्डच्या जाळीचा नमुना तपकिरी होऊन समोरच्या समुद्रात उमटलेला. अडीचशे वर्षं टिकलेला चिंध्यांचा कागद, त्याला त्या बोर्डातल्या आम्लाने काही वर्षांत आणला त्या अवस्थेला. कागद-संवर्धन करणारे लोक हे सोडवू शकतात पण त्याचे पैसे नकाशाच्या किमतीएवढे होतात आणि डाग पूर्ण जात नाही. म्हणून तुमचा नकाशा सोनेरी फ्रेममध्ये आहे हे ऐकून मला आनंद झाला नाही. ती फ्रेम कशी केलीय यावर तुमचे पाच-सात हजार इकडे-तिकडे होतील.

भावाचं बोलायचं तर बेलँचे छोटे नकाशे युरोपातल्या डीलरांकडे शे-दोनशे युरोच्या आसपास सापडतात, मुंबई-गोव्याचे त्याहून वर, कारण त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः आपणच आहोत. त्यावर कुरिअर, कस्टम्स, जीएसटी. १०० वर्षांवरच्या वस्तूंना कस्टम्सचं वेगळं हेडिंग आहे, ९७०६, पाठवणाऱ्याला बिलावर ते आणि नकाशाचं साल स्पष्ट लिहायला सांगायचं, नाहीतर कुरिअरवाले साधा छापील माल किंवा आर्टवर्क म्हणून काहीतरी लावतात. दर बदलत राहतात म्हणून घ्यायच्या वेळी विचारून घ्या. हे सगळं धरून इथे बसून २८ हजार म्हणजे वेडा भाव नाही, पण चढा आहे, आणि तोही सगळ्या तपासण्या पास झाल्या तर. नंतरचा रंग निघाला तर मी बावीसच्या वर जाणार नाही.

इन्व्हेस्टमेंट म्हणून विचाराल तर नको. डीलरकडून घेतलेला नकाशा दुसऱ्या दिवशी डीलरलाच विकायला गेलात तर तो निम्म्याच्या आसपास देईल, त्यालाही दुकान चालवायचंय. ज्या बातम्या आपण वाचतो, म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३मध्ये वाल्डझेम्युलरचा १५०७चा नकाशा एक कोटी डॉलरला घेतला वगैरे, तो नकाशा जगात एकुलता एक उरलाय आणि त्यावर अमेरिकेचं नाव पहिल्यांदा छापलं गेलंय. त्याचा आणि आपल्या बाजाराचा काही संबंध नाही. आवडला, परवडतोय, रोज बघायला आवडेल, एवढ्यावर घ्या.

सर्टिफिकेट बाजूला ठेवा, ते कोणीही प्रिंट करतं. त्याऐवजी बिलावर लिहून मागा: तांब्याच्या प्लेटवरची मूळ छपाई, कुठल्या ॲटलासमधली, साल, रंग त्या काळचा की नंतरचा, काय दुरुस्ती केलीय, आणि यातलं काही खोटं निघालं तर पैसे परत. जो विक्रेता एवढं लिहून देतो त्याच्याशी मी थोडा महागही व्यवहार करतो. आणि नकाशा आला कुठून हेही विचारा. २००५मध्ये फोर्ब्ज स्मायली नावाचा नामांकित अमेरिकन नकाशा-डीलर येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडला गेला, त्याच्याकडचं ब्लेड जमिनीवर पडलेलं तिथल्या कर्मचाऱ्याला दिसलं म्हणून, आणि पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. त्याच्याकडून घेणारे लोक काही मूर्ख नव्हते. म्हणून मागे ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि 'संग्रहातून काढून टाकला' असा दुसरा शिक्का नसेल, किंवा शिक्क्याच्या जागी खरवडल्यासारखं पातळ झालेलं असेल, तर मी विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर हात लावत नाही.

आता आजोबांचा ॲटलास. इंपीरियल गॅझेटियरचा तो २६वा खंड, १९०९चा, नकाशे एडिंबराच्या बार्थोलोम्यूचे, रंगीत शिळाछापाचे. दुर्मिळ नाही, १९३१मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. पण तुमचा मित्र कुठला हिशेब करतोय ते मला माहीत आहे. मुंबईचा शहर प्लान, मुंबई इलाख्याचं पान, अजून एखाद-दुसरं, एवढं विकलं जाईल. उरलेली पानं, ब्रह्मदेशाची, हवामानाची, लोकसंख्येची, कोणी घेत नाही, ती गठ्ठा करून पडून राहतात आणि मग रद्दीत जातात. ॲटलास फोडणाऱ्यांचा धंदा जगभर याच गणितावर चालत आलाय. इथे मी साधूचा आव आणणार नाही, माझ्याकडचे बहुतेक नकाशे कोणीतरी कधीतरी फोडलेल्या ॲटलासमधलेच आहेत, बेलँसकट. पण ते फोडले गेलेत ते गेलेत, धडधाकट बांधणीतला खंड मी आजच्या तारखेला फोडणार नाही. पूर्ण ॲटलासमध्ये जे कळतं, म्हणजे १९०९मध्ये सरकारला आपला मुलूख कसा दिसत होता, कुठली रेल्वे आली होती, कुठलं संस्थान किती होतं, ते सुट्या पानात कळत नाही.

करा काय, तर अनुक्रमणिका काढून प्लेटा, म्हणजे इथे नकाशांची पानं, मोजा, एकेक पान जागेवर आहे का बघा. सगळ्या असतील तर खंड तसाच ठेवा. मुंबईचं पान भिंतीवर हवंच असेल तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर हाच ॲटलास स्कॅन केलेला आहे, तिथून घेऊन चांगल्या कागदावर प्रिंट काढा, पाहुण्यांना फरक कळणार नाही आणि ऊन लागून गेला तर पुन्हा काढता येईल. पुठ्ठे गळलेत, अर्ध्या प्लेटा आधीच कोणीतरी काढल्यात, कागदाचे तुकडे पडतायत अशी परिस्थिती असेल तर मात्र माझं मत बदलेल, तेव्हा उरलेली पानं सुटी जपणं हाच शहाणपणा. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे जर-तर लावून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की मुलगा न्यू जर्सीला आहे आणि पुढेमागे या वस्तू त्याच्याकडे जातील. इथे सावध. आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांवरची वस्तू, आणि हस्तलिखितं-कागदपत्रं असतील तर ७५ वर्षांवरची, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूळ परदेशातून आणली होती हे सांगून विमानतळावर सुटका होईल अशा भरवशावर राहू नका. पुरातत्त्व खात्याची तज्ज्ञ समिती वस्तू बघून ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र देते, पण १७६४चा मुंबईचा नकाशा त्यात बसवणं मला तरी अवघड दिसतं. नकाशा शेवटी मुलाच्या भिंतीवरच लागायचा असेल तर तो त्यालाच तिकडच्या डीलरकडून घेऊ दे, स्वस्तही पडेल.

ठेवायचं कसं ते थोडक्यात, कारण तुमच्या डोंबिवलीचा पावसाळा मला माहीत आहे. लॅमिनेशन कधीच नाही, सेलोटेप कधीच नाही. फ्रेम करायची तर आम्लमुक्त माउंटची, म्हणजे मधोमध कापलेल्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी, नकाशा वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर गव्हाच्या खळीने टांगलेला, काचेला चिकटणार नाही एवढं अंतर, मागेही आम्लमुक्त बोर्ड. बाहेरच्या पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर लावू नका, आतली भिंत निवडा, ऊन पडत नाही अशी. सुटे नकाशे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फोल्डरमध्ये आडवे ठेवा, गुंडाळून नळीत नको. गोदरेजच्या कपाटात पावसाळ्यात सिलिका जेल टाकून महिन्यातून एकदा उघडून बघा, बुरशी सुरुवातीला वासानेच कळते. डांबरगोळ्या थेट कागदाला लागू देऊ नका.

तर आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. २८ हजार एका नकाशावर घालायच्या आधी दोन-तीन हजारांत हात साफ केला असता. आपल्याकडचे बॉम्बे प्रेसिडेन्सीचे जुने जिल्हा गॅझेटियर, १८७७पासून निघालेले, त्यांत घडीचे नकाशे असायचे, आणि त्यातल्या कितीतरी नकाशांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक ऑफिसचं नाव छापलेलं असतं. फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि त्यावरून छापायचं, इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेने १८६०च्या सुमाराला बसवलेली ही पद्धत, आणि काही दशकांत पुण्यात तिच्यावर अख्खं ऑफिस चालत होतं. अशी पानं पुण्याच्या जुन्या बाजारात, फोर्टच्या फूटपाथवर, चोर बाजारात पुस्तकांच्या ढिगातून निसटलेली मिळतात, आणि कोणी त्यांना अजून 'ॲंटिक' म्हणून भाव चढवलेला नाही. असं एखादं ठाणे जिल्ह्याचं पान घ्या, त्यात कल्याणची खाडी शोधा, भिंगाखाली बघा. दाबाचा खड्डा नाही, शाई सपाट, रेघेचं टोक निमुळतं नाही. मग कुठल्याही डीलरकडे जाऊन तांब्याच्या प्लेटवरचा नकाशा हातात मागा. हे दोन्ही एकदा डोळ्यांनी शेजारी बघितलंत की वर मी लिहिलेलं निम्मं तुम्हाला आपोआप कळेल. १८३०-४०च्या सुमाराचे लंडनच्या एसडीयूके या उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या मंडळाचे हिंदुस्थानचे नकाशेही याच कामाला चांगले, पोलादावर कोरलेले, स्वच्छ, आणि त्या मानाने स्वस्त.

आणि पुढे गोळा करायचंच ठरवलंत तर विषय आखून घ्या, नाहीतर जे दिसेल ते घेत सुटतो माणूस. कोणी फक्त गोवा करतं, लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या १५९६च्या पुस्तकातल्या गोवा शहराच्या मोठ्या आराखड्यापासून सुरुवात, तो माणूस स्वतः गोव्याच्या आर्चबिशपकडे नोकरीला होता म्हणून त्यात बाजार आणि गल्ल्या अशा भरल्यात की तासभर निघून जातो. कोणी मुघल साम्राज्याचे नकाशे करतं, विल्यम बॅफिन या इंग्लिश खलाशाने जहांगीरच्या दरबारातला इंग्लिश वकील टॉमस रो याच्या माहितीवरून १६१९मध्ये केलेल्या नकाशावर आग्रा ते लाहोर दुतर्फा झाडांचा रस्ता काढलाय आणि मग पुढच्या कित्येकांनी तो नकलून घेतला, ही नक्कल कुठवर गेली ते शोधणं हाच एक छंद आहे. कोणी मराठ्यांचा मुलूख करतं, त्यांची गाडी जेम्स रेनेल या इंग्लिश सर्व्हेअरच्या 'हिंदोस्तान' नकाशावर येऊन थांबते, १७८२चा आणि मग १७८८चा मोठा. हे खिसा बघून ठरवायचं, यातले काही मीही फक्त स्कॅनमध्येच बघतो.

तुमच्या विक्रेत्याला आज एवढंच लिहा की नकाशा फ्रेमबाहेर काढून मागच्या बाजूचा पूर्ण फोटो, उजेडासमोर धरलेला एक फोटो, किनाऱ्याच्या रेघेचा शक्य तितक्या जवळून एक फोटो, आणि आतल्या चौकटीची मापं पाठवा. फोटो आले की इथेच टाका, मी बघून सांगतो. तोवर 'बुकिंग अमाउंट' म्हणून हजार रुपयेही देऊ नका.